धागा: मीरा देशमुख बरोबर होती, तरी टाळ्या आपण विजयला दिल्या (पिक्चरमधल्या गुप्तहेर बायका)

बल्कांववाली
काल पावसात लाईट गेली ती साडेदहाला आली, तोवर झोप उडालेली, टीव्ही लावला तर परत एकदा दृश्यम. आमच्या घरात हा पिक्चर म्हणजे सत्यनारायणाची पोथी झालाय, कुठल्याही अध्यायाला येऊन बसा, पुढचं पाठ. (स्पॉयलर भरपूर आहेत. २०१५ चा पिक्चर अजून बघितला नसेल तर आधी बघून या.)

(थोडक्यात गोष्ट: मोठी पोलीस अधिकारी मीरा देशमुख, तिचा मुलगा विजय साळगांवकरच्या घरात मारला जातो, विजय ते लपवतो आणि त्या दिवशी आम्ही सगळे पणजीला होतो असं भासवतो.) तर ह्या वेळी मी विजयला सोडून फक्त तब्बूकडे, म्हणजे मीराकडे, बघत बसले. आणि मला पहिल्यांदा जाणवलं की पिक्चरमधली गुप्तहेर ती आहे. बघा ना, बसचं तिकीट खरं, हॉटेलचं रजिस्टर खरं, पावभाजीवाला खरं बोलतोय, थेटरवाला खरं बोलतोय. बाकी सगळे पोलीस इथेच अडकतात, कोणीतरी खोटं बोलतोय म्हणून एकेकाला दमात घेतात. मीरा देशमुख एकटीच थांबून उलटा विचार करते, की कोणीच खोटं बोलत नसेल तर? हा माणूस आधी गुन्हा लपवून मग त्याच जागी परत जाऊन लोकांच्या डोक्यात तारीख पेरून आला असेल तर? हे कोडं ती एकटीने सोडवते, पुराव्याशिवाय, आणि शंभर टक्के बरोबर सोडवते.

आणि मी थेटरात बसून काय केलं होतं? पोलिसांनी प्रेतासाठी जमीन खणल्यावर आत मेलेलं जनावर निघालं तेव्हा शिटी मारलेली. मी. शिटी.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, बाई गुप्तहेर असली की तिला पिक्चरवाले असं का वागवतात? एक तर तिचं पोर गेलेलं हवं, नाहीतर नवरा, नाहीतर बहीण. नुसती केस आवडली म्हणून, डोकं चालतं म्हणून, नोकरी आहे म्हणून तपास करणारी बाई किती पिक्चरमध्ये आहे? शेरलॉकला कोण विचारतं रे, तुझं घरचं कोण मेलं म्हणून?

मडगांव_लोकल
ताई, धागा झकास पण पहिल्याच मुद्द्याला विरोध. मीरा गुप्तहेर नाही, ती आयजीच्या (पोलीस महानिरीक्षकाच्या) खुर्चीत बसलेली आई आहे. तो पोलीस गायतोंडे विजयच्या लहान पोरीवर हात उचलतो तेव्हा ही समोर असते. टाळ्या विजयला का पडल्या, तर त्या पोरीमुळे. तुम्ही मारलेली शिटी पूर्णपणे कायदेशीर होती, मनाला लावून घेऊ नका.

पर्वरीकर
+१. कोठडीतल्या मारहाणीला 'तपास' म्हणायची सवय हिंदी पिक्चरने लावलीय, बाई असो की बुवा.

बल्कांववाली
मारहाणीचं समर्थन कोण करतंय हो? माझं म्हणणं तेच आहे की. लिहिणाऱ्याने तिला आधी एवढं डोकं दिलं आणि मग आपण तिच्या बाजूने होऊ नये म्हणून तिच्या हातून मारहाण करवली. मुलगा दुसऱ्या कोणाचा असता आणि ही फक्त तपास अधिकारी असती, तर? मग आपल्याला विजयबद्दल जरा तरी भीती वाटली असती.

निवृत्त_मास्तर
चर्चा वाचून राहवलं नाही. थोडी माहिती जोडतो. मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा, जीतू जोसेफ यांचा, त्यात ही भूमिका आशा शरत यांनी केली होती आणि तमिळमध्येही त्याच. तेलुगू आवृत्ती २०१४ ची, तिथे नादिया होत्या, आणि गंमत म्हणजे ती दिग्दर्शित केली एका बाईने, श्रीप्रिया यांनी. म्हणजे भाषा बदलली, गाव बदललं, नायक बदलला, पण अधिकारी मात्र प्रत्येक ठिकाणी बाईच आणि आईच. हिंदीत निशिकांत कामतांनी ते आपल्या गोव्यात आणून बसवलं. साळगांवकर हे आडनाव ऐकून आमच्या बार्देशातल्या मंडळींची छाती उगाच दोन इंच फुगली होती.

पण बाई तपास करायला निघते आणि तपास तिच्या हातातून काढून घेतला जातो, हे फार जुनं आहे. १९६६ चा तीसरी मंज़िल आठवा. आशा पारेख मसुरीला कशाला जाते? बहिणीच्या मृत्यूला जबाबदार कोण ते शोधायला. चित्रपटाची सुरुवातच तिची आहे. मध्यंतरानंतर बघा, शोध कोण घेतोय? शम्मी कपूर. ती गाण्यात. मी पणजीला तो पाहिला तेव्हा हे लक्षातही आलं नव्हतं, गाणीच एवढी होती.

आणि दूरदर्शनवर १९८५ चा करमचंद. गाजर खाणारा पंकज कपूर आणि त्याची किटी. सुश्मिता मुखर्जींनी ती काय सुंदर केली होती, पण तिच्या वाट्याला दर भागाला एकच वाक्य ऐकणं, 'शटअप किटी'. आमच्या शाळेत त्यानंतर वर्षभर मुलगे मुलींना हेच म्हणायचे. एकदा सातवीच्या वर्गात एका मुलीने उलट 'शटअप करमचंद' म्हटलं, तिला मी शिक्षा केली नाही.

सुंगटाचें_हुमण
मास्तर 🙏 त्या पोरीला शोधा, ती आता आयजी असेल

काजूबी
मी सहसा वाचनमात्र असते पण आज लिहितेच. म्हापशाला शिवणक्लास चालवते वीस वर्षं. सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स हा पिक्चर माझ्या भाच्याने मला दाखवला, मला वाटलं नुसता भीतीचा असेल, अर्धा बघून उठणार होते. बरं झालं नाही उठले कारण त्यात एक जागा अशी आहे की मी सोफ्यावरून उडालेच. ती तपास करणारी क्लॅरिस पहिल्या मेलेल्या मुलीच्या घरी जाते, तिचं कपाट उघडते, आत एक शिवायला घेतलेला ड्रेस, त्याच्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे तुकडे. आणि मेलेल्या दुसऱ्या मुलीच्या पाठीची कातडी नेमकी त्याच आकारात कापलेली असते. तिच्या लगेच डोक्यात पेटतं, हा माणूस शिवणारा आहे, हा बायकांच्या कातडीचा पोशाख शिवतोय! म्हणजे सगळी एफबीआय विमानं घेऊन तिकडे भलत्याच घरावर धाड टाकायला गेलेली आणि इकडे खुनी सापडला तो टक्सवरून. ब्लाउजला आपण घालतो ते टक्स. ज्याने आयुष्यात कपडा बेतला नाही त्याला ते तुकडे दिसले असते पण कळले नसते. भाच्याला पिक्चर थांबवायला लावून समजावलं, तो म्हणाला आत्या मी चार वेळा बघितलाय मला हे कळलंच नव्हतं.

बल्कांववाली
काजूबी ताई, ह्या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं!! हेच, हेच मला म्हणायचं होतं पण मला सांगता येत नव्हतं.

मडगांव_लोकल
टोपी काढली. मीही पाच-सहा वेळा बघितलाय, माझ्या डोक्यात कायम ती लिफ्ट राहिली, सुरुवातीला ती एफबीआयच्या लिफ्टमध्ये शिरते आणि सगळीकडून उंच उंच पुरुष, मध्ये ही एवढीशी. १९९१ चा पिक्चर, जोडी फॉस्टरला ऑस्कर. पण टक्स... मान गये.

ह्यावरून हिचकॉकचा रिअर विंडो आठवला, १९५४ चा. सगळे म्हणतात जेम्स स्टुअर्टने खुनी पकडला. तो तर पाय मोडून खुर्चीत! पळापळ सगळी ग्रेस केलीची आणि त्या मालिश करायला येणाऱ्या नर्सची. आणि मुद्दा बघा, त्याचा पोलीस मित्र म्हणतो समोरच्या घरातल्या त्या संशयिताची बायको गावाला गेली असेल, त्यावर ग्रेस केली म्हणते की कुठलीही बाई आपली आवडती पर्स आणि दागिने मागे टाकून प्रवासाला जात नाही, आणि लग्नाची अंगठी तर मुळीच नाही. पुढे ती स्वतः शिडीवरून चढून त्या घरात शिरते आणि अंगठी बोटात घालून खिडकीतून दाखवते. पोलिसाला पर्समध्ये पुरावा दिसलाच नव्हता.

सुंगटाचें_हुमण
माझी आई मंगळसूत्र न घालता नुस्तें (मासे) घ्यायला दारात सुद्धा जात नाही. पोलीस मित्राचं लग्न झालं नसणार.

पर्वरीकर
हे सगळं रम्य आहे पण एक धोका दिसतो. बाई गुप्तहेर म्हणजे शिवण, पर्स, दागिने, स्वयंपाक एवढंच तिला कळणार का? बॅलिस्टिक्स, मोबाइल टॉवर, बँकेचे व्यवहार हे काय पुरुषांनाच समजतं? मीरा बोरवणकर मुंबई क्राइम ब्रँचच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या त्या काही टक्स बघून नाही.

बल्कांववाली
मुद्दा मान्य, पर्वरीकर बाब. पण मी उलटं म्हणते. शेरलॉक सिगारेटची राख बघून माणूस ओळखतो तेव्हा आपण त्याला शास्त्र म्हणतो. काजूबी ताईंनी टक्सवरून ओळखलं तर ते 'बायकी'? राख काय आणि टक्स काय, ज्याचा जिथे वावर त्याला तिथलं दिसतं.

आणि दुसरं म्हणजे वावर कुठे आहे त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं की तुमच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलचं सगळं भांडवल हेच ना, विणकाम करणारी म्हातारी, तिच्यासमोर कोण तोंड सांभाळतंय? मार्गारेट रदरफर्डने १९६१ ते ६४ मध्ये चार पिक्चर केले मार्पलचे. पहिल्यात ती शेजारून जाणाऱ्या ट्रेनमध्ये खून होताना बघते, पोलीस म्हणतात म्हातारीला भास झाला, मग ही काय करते तर सरळ त्या संशयित घरात मोलकरीण म्हणून नोकरी धरते. भांडी घासते, ट्रे नेते, आणि प्रेत शोधून काढते. ट्रे नेणाऱ्या बाईकडे कोण बघतं?

हे पिक्चरमधलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या मुंबईच्या रजनी पंडित, देशातल्या पहिल्या महिला खाजगी गुप्तहेर म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय की एका खुनाच्या केससाठी त्या सहा महिने एका घरात मोलकरीण म्हणून राहिल्या होत्या. आणि त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षं आधी शिकागोला पिंकर्टनच्या गुप्तहेर एजन्सीत १८५६ मध्ये केट वॉर्न नावाची बाई नोकरी मागायला गेली, पिंकर्टनला वाटलं क्लार्कच्या जागेसाठी आली असेल. तिने सांगितलं की मला गुप्तहेर व्हायचंय, तुमच्या पुरुषांना जिथे जाता येत नाही तिथे मला जाता येईल, संशयिताच्या बायकोशी मैत्री मी करू शकते. घेतली त्याने. पुढे १८६१ मध्ये लिंकनना गुपचूप वॉशिंग्टनला पोचवण्यात ती होती, आजारी भाऊ म्हणून त्याला घेऊन ट्रेनमध्ये बसलेली.

मडगांव_लोकल
मग ह्या हिशोबाने कहानी तुमच्या यादीत एक नंबर पाहिजे. २०१२, विद्या बालन, कोलकाता, पूजेचे दिवस. गरोदर बाई नवऱ्याला शोधतेय म्हटल्यावर पोलीस चौकीपासून सरकारी ऑफिसपर्यंत सगळे तिला खुर्ची देतात, पाणी देतात, माहिती देतात. कोणालाही संशय येत नाही. आणि शेवटी कळतं पोटच खोटं!

बल्कांववाली
कहानी आवडतो पण यादीत एक नंबर नाही, कारण परत तेच, नवरा गेलेला. सूड आहे तो. मला फार्गोची मार्ज पाहिजे.

मडगांव_लोकल
मार्ज!!! ताई तुम्ही माझ्या दुखऱ्या... म्हणजे आवडत्या नसेवर बोट ठेवलंत. आता मोठा प्रतिसाद येणार, चहा घेऊन बसा.

फार्गो, १९९६, कोएन बंधू. मार्ज गंडरसन ही ब्रेनर्ड गावची पोलीस प्रमुख, सात महिन्यांची गरोदर, आणि पिक्चर सुरू झाल्यावर तब्बल अर्ध्या तासाने येते. पहाटे फोन वाजतो, ती उठते, नवरा पण उठतो, म्हणतो थांब अंडी करून देतो. खून झालेत तिघांचे आणि आधी अंडी! मग बर्फात जाऊन ती पाच मिनिटांत पावलांच्या ठशांवरून सांगते की एक धिप्पाड होता एक छोटा, हा इथे थांबलेला, पोलिसाने गाडी कशी थांबवली, सगळं. मध्येच वाकते, हाताखालच्याला वाटतं काहीतरी पुरावा सापडला, ती म्हणते नाही मळमळलं जरा, गेलं आता, भूक लागली. आणि तो हाताखालचा, मेलेल्या पोलिसाने डीएलआर लिहिलंय म्हणून त्या अक्षरांनी सुरू होणारी नंबरप्लेट शोधत बसलेला असतो, ही गोडीत सांगते की तुझ्या ह्या तपासाशी मी अगदी शंभर टक्के सहमत नाही हं, डीएलआर म्हणजे डीलर, गाडी शोरूमची आहे. ना ओरडणं ना अपमान. मी ज्या ऑफिसात होतो तिथल्या साहेबाला हा सीन फ्रेम करून द्यावासा वाटायचा.

कहानीत पोट हे हत्यार आहे. फार्गोत पोट म्हणजे फक्त पोट आहे, ती गरोदर आहे म्हणून कोणी तिला कमी समजत नाही की जास्त. तिच्या घरचं कोणी मेलेलं नाही. नवरा टपाल तिकिटावर बदक रंगवतो. तिला दुःख असं काही नाहीच, ती कामावर आलीय. फ्रान्सिस मॅकडॉरमंडला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

निवृत्त_मास्तर
बंगालीत एक पाहण्यासारखं उदाहरण आहे. ऋतुपर्ण घोष यांचा शुभ महुरत, २००३. मार्पलचीच एक गोष्ट घेतलेली. राखी यांनी रांगा पिशी नावाची विधवा आत्या केलीय आणि त्यासाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पत्रकार भाची बाहेरून बातम्या आणते आणि ही घरबसल्या उलगडते. सहाय्यक! गुन्हा उकलणारी बाई सहाय्यक अभिनेत्री, ह्यावर मी काही बोलत नाही.

सुंगटाचें_हुमण
मराठीत कोण आहे पण? पुणे ५२ मध्ये पण गुप्तहेर गिरीश कुलकर्णीच. देवमाणूस मालिकेत एसीपी दिव्या होती, ती तर त्या खुनी डॉक्टरच्याच प्रेमात, आमची आजी टीव्हीला ओरडून ओरडून सांगायची तिला

काजूबी
आमच्याकडे पण तेच! सगळ्या आळीला माहीत, एक तिलाच नाही.

पर्वरीकर
बॉबी जासूस कोणी घेतला नाही अजून. २०१४, जुनं हैदराबाद, परत विद्या बालन. तिचं कोणी मेलेलं नाही. तिला फक्त जासूस व्हायचंय. वेषांतरं झकास, कधी भिकारी कधी काय.

बल्कांववाली
घेणार होते! अर्धा बॉबी मला फार आवडतो. पण बघा ना, त्याच वर्षी मर्दानी आला, वर्दी, मारामारी, धाडी, तो चालला आणि त्याचा दुसरा भागही आला. बॉबी पडला. थोडा दोष पिक्चरचाही आहे, तिला मिळालेली केस अशी की मध्यंतरापर्यंत कळत नाही गुन्हा नक्की आहे की नाही, आणि पुढे सगळं तिचे वडील तिच्याशी बोलतात की नाही ह्यावर जातं. राणी मुखर्जी मला आवडते, पण मर्दानीतल्या तिच्या शिवानी रॉयच्या जागी कोणीही हिरो उभा केला तर पिक्चरमध्ये किती संवाद बदलावे लागतील? मार्जच्या जागी उभा करून बघा.

मडगांव_लोकल
अंडी तरी कोण करून देणार त्याला.

सुंगटाचें_हुमण
ह्या सगळ्या चर्चेतून मला एकच कळलं की खरी गुप्तहेर आमच्या वाड्यावरची नुस्तेंकान्न (मासळीवाली). कोणाकडे पाव्हणे आले, कोणाचं भांडण झालं, कोणाची सून माहेरी गेली, पाटी खाली ठेवायच्या आत तिला कळतं. बांगडा मागणाऱ्याने अचानक विसवण (सुरमई) घेतला की ती विचारतेच, जांवय आयला काय?

बल्कांववाली
हुमण भाऊ, तू चेष्टेत म्हणालास पण ऐक आता.

काल दृश्यम बघताना आमची मावशी पण होती शेजारी. पंच्याहत्तरची, आयुष्य बल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) बसून रस्ता बघण्यात गेलेलं. तिने पिक्चर पहिल्यांदाच बघितला. तब्बू सगळ्या साक्षीदारांना एकेक करून विचारते तो भाग आला तर मावशी म्हणते, 'हे शाणे बसवाल्याला विचारतात, हॉटेलवाल्याला विचारतात. दारात येणाऱ्या नुस्तेंकान्नीला कोण विचारणार? दोन आणि तीन तारखेला हे पणजीत होते म्हणतात ना, मग त्या दोन दिवसांत घरी नुस्तें घेतलं की नाही तिला विचारा. पिक्चर इथेच संपला.'

मी अर्धा मिनिट गप्प.

निवृत्त_मास्तर
मावशींना माझा नमस्कार सांगा, पण एक शंका. चित्रपटातलं साल २०१४ धरलं तर २ ऑक्टोबरला गुरुवार येतो आणि ३ ला दसरा होता. नवरात्रात आणि वर गुरुवारी साळगांवकरांच्या घरी नुस्तें कोण घेणार? कॅलेंडर बघूनच लिहितोय.

मडगांव_लोकल
मास्तर कॅलेंडर जपून ठेवणारे तुम्हीच 😂 केस परत उघडी.

बल्कांववाली
मास्तर, तुमची शंका आत्ता मावशीला वाचून दाखवली. ती मोगरीचे वळेसर (गजरे) गुंफत होती, मान वर न करता म्हणाली, 'दसरा होता? मग बरंच झालं की. चार दिवसांनी जाऊन दाराचं तोरण बघायचं. घरी नव्हते तर दसऱ्याचं तोरण बांधलं कोणी?'